थांबता येणारं यंत्र

अमेरिकेतल्या नेमबाजीच्या मैदानावर थोडा वेळ उभं राहिलं की नेम धरलेल्या माणसांपेक्षा जमिनीकडे बघत फिरणारी माणसंच जास्त दिसतात. ती पुंगळ्या वेचत असतात. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाचं मोठं सरकारी मैदान आहे, ॲरिझोना राज्याच्या वन्यजीव खात्याचं. तिथे सुट्टीच्या सकाळी पोक्त, कमावती माणसं हातात बादली घेऊन वाळूतून पितळ गोळा करताना मी पाहिली आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भंगारात विकत असतील. विकायला नव्हे, ती घरी न्यायला वेचत होती. घरी नेऊन तीच पुंगळी पुन्हा भरायची.

काडतूस म्हणजे चार वस्तूंची जुळणी. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला वाटाण्याहून लहान प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की प्राइमर पेटतो, त्याने दारू पेटते आणि गोळी निघून जाते. मागे राहते ती पुंगळी, किंचित फुगलेली. या पितळात ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. हे मिश्रण फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला गच्च बसतं, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच थोडं आक्रसतं. म्हणून पुंगळी अलगद बाहेर पडते आणि म्हणूनच तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापावर आणता येतं. नव्या काडतुसात सहसा सर्वांत महाग भाग हाच असतो, आणि तोच खर्ची पडत नाही. पिस्तुलाची पुंगळी नीट वापरली तर कितीतरी वेळा भरता येते.

ती घरी भरता येते याचं श्रेय एका इंग्रज अधिकाऱ्याला आहे. लंडनजवळच्या वूलिच इथल्या सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांची पलटण चालवलेला हायरम बर्डन, या दोघांनी १८६६ मध्ये आपापल्या रचनेचे प्राइमर पुढे आणले. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एक भोक असतं. वरून एक पिन घातली की जुना प्राइमर सरळ खाली पडतो. बर्डनच्या पद्धतीत मध्यभागी पितळाचाच उंचवटा असतो आणि भोकं त्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे पिन आत शिरत नाही. पुढे इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये आज जो घरगुती उद्योग चालतो तो त्या एका मधल्या भोकाच्या जिवावर.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परकं वाटेल, आणि ते साहजिक आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात काडतूस म्हटलं की खडकीचा दारूगोळा कारखाना आठवतो, १८६९ पासूनचा, आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेलेला. शिवाय आमच्या कोल्हापूर जिल्ह्याने देशाला जे नेमबाज दिले, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत किंवा पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, त्यांच्या रायफलीतलं .२२ चं काडतूस या पद्धतीने भरताच येत नाही. त्यात वेगळा प्राइमर नसतो, स्फोटक मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. एकदा वाजलं की संपलं.

अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. मी एच-वन व्हिसावर होतो तोपर्यंत शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मला कायद्याने मनाई होती. आता नागरिक झालो तरी घरात बंदूक ठेवलेली नाही, ठेवायची इच्छाही नाही. हे आधीच सांगतो, कारण यापुढे मी जे लिहिणार आहे ते यंत्राविषयी आहे आणि त्या यंत्रावर माझा जीव जडला आहे.

माझे शेजारी निवृत्त मशिनिस्ट. आयुष्य विमानांचे सुटे भाग कातण्यात गेलं. ते पिस्तुलाच्या स्पर्धांमध्ये उतरतात, त्या धावत, वळत, लाकडी आडोशांमागून नेम धरायच्या स्पर्धा. सरावासाठी गोळ्या फार लागतात. त्यांच्याकडे काडतुसं भरायचं यंत्र आहे, डिलन कंपनीचा सुपर १०५० प्रेस. माइक डिलन नावाच्या विमानचालकाने काढलेली ही कंपनी इथे जवळच, स्कॉट्सडेलची. प्रेसवर आठ स्थानांची एक फिरती तबकडी आहे. दांडा एकदा खाली ओढला की आठही जागी एकाच वेळी कामं होतात. एकीकडे जुना प्राइमर निघतो, दुसरीकडे नवा बसतो, पुढे दारू पडते, आणखी पुढे गोळी दाबली जाते. तबकडी एक घर सरकते आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस घरंगळत डब्यात पडतं.

त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि दांडा ओढणं बंद पडलं. मी कारखान्यांत यंत्रं स्वयंचलित करण्याचं काम करतो हे त्यांना ठाऊक होतं. तयार मोटरसंच बाजारात मिळतात, पण आयुष्यभर स्वतःच्या हाताने भाग कातलेल्या माणसाला तो विकत आणणं पटेना. कुंपणापाशी त्यांनी मला विचारलं, "दांड्याला मोटर बसवशील?"

मोटर बसवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग. क्रँक लावली, गोल फिरण्याचं खालीवर होणं केलं, संपलं. मी आधी त्यांना म्हटलं, मला तुमच्या शेजारी बसून तुम्ही डाव्या हाताने हळूहळू दांडा ओढताना बघू द्या. बघता बघता कळलं की तो हात नुसता ओढत नव्हता, तो प्रत्येक ओढीत काहीतरी वाचत होता. मध्येच ते थांबायचे. का थांबलात विचारलं की म्हणायचे, "जड गेलं." मग काढून बघावं तर ९ मिलिमीटरच्या पुंगळीच्या पोटात .२२ ची बारीक पुंगळी अडकलेली. कधी मैदानावरचा खडा. कधी बर्डन पद्धतीची पुंगळी चुकून आलेली आणि पिन मधल्या उंचवट्यावर टेकलेली. एकदा त्यांनी दांडा इतका हळू सोडला की मला वाटलं खांदा दुखतोय. तसं नव्हतं. जुना प्राइमर बाहेर पडलाच नव्हता आणि नवा त्याच्यावर दाबला जाणार होता. प्राइमरमधला मसाला दाबाने पेटतो आणि तो पेटला तर वर नळीत त्याच्यासारखे आणखी शंभर रांगेत उभे असतात. त्या नळीभोवती जाड पोलादी कवच असतं ते उगाच नाही.

दारूचं तर वेगळंच. ती ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराच्या तराजूशी या मापाचं जुनं नातं आहे. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे एक गुंज होते दोन ग्रेनांना जराशी कमी. पिस्तुलाच्या काडतुसात बऱ्याचदा चार-पाच ग्रेन दारू लागते, दोन-अडीच गुंजा. एवढ्याशा दारूवर सगळा खेळ आहे. ती पडलीच नाही तर नुसत्या प्राइमरच्या जोराने गोळी बंदुकीच्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळली की नळी फाटू शकते. दोनदा पडली तर बंदूक हातात फुटू शकते. दाट दारू असेल तर दोन मापं पुंगळीत सहज मावतात, वरून काही सांडत नाही की दिसत नाही. हाताने भरणारा माणूस म्हणून गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावतो. मोटर डोकावत नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं की यंत्र कसं चालेल हे नंतर बघू. आधी ते कशाकशाने थांबेल ते ठरवू.

इथे मला माझ्या गावाचा उपयोग झाला. मी इचलकरंजीचा. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गावच मागांचं झालं. घरामागच्या शेडमध्ये आमचे साधे माग होते, धोट्याचे. धोटा इकडून तिकडे जातो, त्याच्या पोटातल्या कांडीचं सूत आडवं पडतं, फणी येऊन त्याला ठोकते. सूत तुटलं किंवा कांडी संपली तर माग आपोआप बंद पडायचा. मी शाळेत असताना तासन्‌तास बघत बसायचो की त्याला कळतं कसं. बाजूला एक छोटा काटा असतो, तीन बारीक बोटांचा. फणी पुढे येताना आडवं सूत त्या बोटांना मागे लोटतं, काट्याची मागची बाजू उचलली जाते आणि खालून जाणारा हातोडा तिला न लागता निघून जातो. सूत नसेल तर बोटं जाळीतून आरपार जातात, काटा जागचा हलत नाही, हातोडा त्याच्या आकड्याला पकडून ओढतो आणि मागाचा दांडा सुटतो. माग बंद.

या काट्यातलं शहाणपण मला नोकरीला लागल्यावर उमगलं. तो काटा बिघाड शोधत नाही. तो प्रत्येक फेरीला सूत जागेवर असल्याचा पुरावा मागतो, आणि पुरावा मिळाला तरच पुढची फेरी होऊ देतो. बिघाड ओळखायचा म्हटला तर बिघाडाचे सगळे प्रकार आधी माहीत हवेत, आणि ते कधीच माहीत नसतात. सगळं ठीक असल्याची खूण मात्र एकच असते. जपानात साकिची टोयोडा यांनी हेच तत्त्व ताण्यापर्यंत नेलं. १९२४ मध्ये तयार झालेला त्यांचा जी-टाइप माग उभा धागा तुटला तरी थांबायचा, धोटा तर न थांबता बदलायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीने १ लाख पौंडांच्या कराराने घेतले, आणि टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यांतही दोष दिसताच यंत्र थांबवण्याचा नियम त्या मागांपासून आला. आमच्या शेडमधल्या मागांना ताण्याची राखण नव्हती. उभा धागा तुटला की ते कामगाराच्या नजरेला दिसायला हवं, नाहीतर वारभर कापड वाया.

प्रेसवर आम्ही तेच केलं. जुना प्राइमर खाली पडतो त्या वाटेत प्रकाशाची एक रेघ ठेवली. प्रत्येक फेरीला ती एकदा तुटली पाहिजे. दारूच्या पुढच्या घरात एक बारीक दांडी पुंगळीत उतरते आणि दारूच्या पृष्ठभागावर टेकते. ती ठरावीक पट्ट्यात थांबली तरच होकार देते, वर राहिली किंवा खाली गेली तर नाही. गोळी जागेवर असल्याचा वेगळा होकार. हे सगळे होकार असे जोडले की एकाचीही तार तुटली तरी मोटरला ते नकारासारखंच दिसावं. धोक्याची घंटा वाजवणारा एकही सेन्सर या प्रेसवर नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. घंटेची तार तुटली तर ती गप्प राहते, आणि गप्प घंटा व सुरळीत यंत्र यांत फरक कळत नाही.

हाताचं "जड गेलं" मोटरमध्ये आणणं सर्वांत अवघड गेलं. मोटर किती जोर लावते हे तिच्या विजेच्या प्रवाहावरून कळतं, तेव्हा एक मर्यादा ठरवली की झालं असं कोणालाही वाटेल. पण पुंगळी डायमध्ये दाबताना जोर लागतोच, आणि तो जोर खडा चिरडायलाही पुरतो. मर्यादा खाली ठेवली तर चांगल्या पुंगळीवर थांबतं, वर ठेवली तर वाईटही गिळतं. शेवटी क्रँकच्या प्रत्येक कोनाला किती जोर लागायला हवा याचा पट्टा बनवला. शेजाऱ्यांनी निवडून दिलेल्या चांगल्या पुंगळ्या, दारू आणि प्राइमर न घालता, यंत्रातून पुन्हा पुन्हा काढल्या आणि आलेखावर आलेख ठेवले. चांगल्या पुंगळीची रेघ कुठे चढते, कुठे उतरते हे स्पष्ट दिसायला लागलं. बारीक पुंगळी आत अडकलेली असेल तर चढ वेळेआधी येतो. त्यांनी तो आलेख पाहिला आणि एका टेकाडावर बोट ठेवून म्हणाले, "हे मला कोपरात लागायचं." यंत्रांवर इतकी वर्षं काम करताना माझ्या आलेखाला अशी पावती दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

१०५० वर हे जमलं याला आणखी एक कारण आहे. बऱ्याच प्रेसवर नवा प्राइमर दांडा परत वर जाताना बसतो, आणि किती दाबायचं हे फक्त हाताला कळतं. १०५० वर तो खाली येणाऱ्या ओढीतच बसतो आणि त्याची खोली स्क्रूने पक्की करता येते. हाताच्या अंदाजावर सोडलेली गोष्ट मोटरकडे देऊ नये, असं माझं मत आहे. आधी ती लोखंडात पक्की करावी, मग द्यावी.

थांबल्यावर काय, हा प्रश्न मागांनीच शिकवला होता. सूत तुटून माग थांबला की नुसती नवी कांडी घालून दांडा ओढायचा नसतो. कापड मागे घेऊन शेवटचं पडलेलं सूत शोधावं लागतं, नाहीतर तिथे पातळ पट्टा राहतो आणि व्यापारी तो ठाण बाजूला काढतो. प्रेस अर्ध्या फेरीत थांबला तर दारूच्या घरातल्या पुंगळीत दारू पडली आहे की पडायची आहे हे बाहेरून समजत नाही. मागे घेऊन पुन्हा पुढे नेलं तर तिच्यात दुसरं माप पडू शकतं. म्हणून आमच्या यंत्राला उलटं फिरताच येत नाही. थांबलं की ते चालू करायच्या आधी दारूच्या घरातली पुंगळी आणि तिच्या पुढची, दोन्ही हाताने काढून वेगळ्या डब्यात टाकायच्या. त्या दोन घरांमध्ये हात जाण्यासाठी एक झाकण आहे, ते उघडून बंद केल्याशिवाय चालू करायचं बटण काम करत नाही. शेजाऱ्यांना सुरुवातीला हे फार वाटलं. दोन पुंगळ्यांसाठी एवढा सोपस्कार? मी त्यांना विचारलं की तुम्ही विमानाचा भाग कातताना मध्येच वीज गेली तर तो भाग तसाच पुढे पाठवायचात का. मग ते बोलले नाहीत आणि झाकणाची बिजागरी त्यांनीच कातून आणली, माझ्या आराखड्यापेक्षा चांगली.

मोटर ठिणगी न पाडणारी, बिनब्रशची घेतली. दारूची बारीक धूळ सगळीकडे बसते. चौकटीला जमिनीची तार आहे. वेग आम्ही मुद्दाम कमी ठेवला आहे, तरणा माणूस हाताने जेवढ्या वेगाने दांडा ओढेल त्याहूनही कमी. आणि यंत्र चालू असताना कोणीतरी समोर खुर्चीवर बसायचंच, असा करार आहे. ते कॉफी करायला आत गेले तर बंद करून जातात. मला ठाऊक आहे की घराघरातल्या अशा प्रेसबाबत लोकांना उलटं हवं असतं. लावून द्यावं, झोपावं आणि सकाळी बादली भरलेली असावी. त्या कामाला मी हात लावला नसता.

मुलगी शाळेत जाते, तिथे बंदूकधारी घुसला तर काय करायचं याचा सराव घेतात. त्या दिवशी ती घरी आली की मी शेजारच्या गॅरेजकडे बघूही शकत नाही. मग मी स्वतःला विचारतो की मी नेमकं काय केलं. एका दुखऱ्या खांद्याच्या म्हाताऱ्या माणसाचं कायदेशीर काम जास्त सुरक्षित केलं, हे माझं उत्तर आहे आणि ते खरं आहे. त्याने सगळं समाधान होतं असं नाही. काडतूस किती सहज आणि किती संख्येने तयार व्हावं हा या देशाने स्वतःला पुन्हा विचारायला हवा असा प्रश्न आहे, आणि मत देताना मी तो विचारतो. शेजाऱ्यांशीही यावर बोलणं झालं आहे, भांडण म्हणावं इतकं. त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही. पण एक सांगतो, २०२०-२१ मध्ये प्राइमरची टंचाई झाली आणि लोक खोकी साठवून ठेवत होते तेव्हा हा माणूस स्पर्धांना गेला नाही, आणि जेवढे होते तेवढेच प्राइमर मोजून वापरत राहिला.

एक काम उरलं आहे. वापरून वापरून पितळ कडक होतं आणि पुंगळीच्या तोंडाशी केसाएवढी चीर पडते. ती दिसत नाही, पण ऐकू येते. मूठभर पुंगळ्या हातात घेऊन खुळखुळवल्या की चांगल्या पुंगळ्यांचा नाद स्वच्छ असतो, आणि त्यात एक जरी फुटकी असली तरी बद्द आवाज येतो, बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतो तसा. मी मायक्रोफोन लावून पाहिला. बंद खोलीत फरक आलेखावर स्पष्ट दिसतो, पण तबकडी फिरायला लागली आणि वरून पुंगळ्या पुरवणारा केसफीडर खडखडायला लागला की सगळं त्यात बुडून जातं. म्हणून पुंगळ्या वर ओतण्याआधी ते खुर्चीत बसून मूठमूठ खुळखुळवतात, डाव्या हाताने. फुटकी निघाली की तिला पक्कडीने चेपून भंगाराच्या डब्यात टाकतात, म्हणजे ती चुकून परत यायला नको. ते काम यंत्राकडे द्यायचा आमचा तूर्त विचार नाही.